इंग्रजी शब्दाची वंशावळ कशी शोधावी

इंग्रजी शब्दाच्या जन्माची एखादी सुरस कथा कानावर आली, की तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हा शब्द लेखी पुराव्यात सर्वांत आधी केव्हा सापडतो, आणि त्या वेळी त्याचे रूप व अर्थ काय होते? बहुतेक कथा एवढ्यावरच गळून पडतात. 'न्यूज' हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण या दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांपासून तयार झाला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. प्रत्यक्षात ते 'न्यू', म्हणजे नवे, या विशेषणाचे अनेकवचनी रूप आहे. 'नव्या गोष्टी' हा त्याचा सरळ अर्थ आहे आणि जुन्या लेखनात त्याच्यामध्ये आणखी एक 'ई' हे अक्षर असे, त्यामुळे चार दिशांचा हिशेब मुळातच जुळत नाही. बक्षिशीच्या अर्थाचा 'टिप' हा शब्द 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' या शब्दसमूहाचे लघुरूप आहे, ही कथाही तशीच. आद्याक्षरे जोडून उच्चारता येईल असा शब्द घडवण्याची पद्धत विसाव्या शतकापूर्वीच्या इंग्रजीत जवळजवळ नव्हतीच, आणि 'टिप' तर अठराव्या शतकातच रुळलेला होता.

शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे आजच्या रूपापासून एकेक पायरी मागे जाणे. प्रत्येक पायरीला तीन गोष्टींचा आधार हवा: लेखी नोंदीचा काळ, ध्वनिबदलाचा नियम आणि अर्थबदलाची पटण्याजोगी वाट. दोन शब्द सारखे दिसतात, एवढा आधार पुरेसा नाही. या कामात साम्यासारखा अविश्वसनीय साक्षीदार दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे आणि पुढील बहुतेक उदाहरणे मी त्याच दृष्टीने निवडली आहेत.

आधी शब्द नेमका कोणता, हे ठरवावे

'इअर' म्हणजे कान आणि 'इअर' म्हणजे धान्याचे कणीसही. दोन्हींचे लेखन एक, उच्चार एक. शिवाय कणीस ताटाला कानासारखे चिकटलेले दिसते, त्यामुळे दुसरा अर्थ पहिल्यावरूनच आला असणार असे सहज वाटते. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. मात्र जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११५० पूर्वीच्या भाषेत, कानाला 'एआरे' आणि कणसाला 'एआर' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. जर्मन भाषेत हा फरक आजही उघड दिसतो: कान 'ओर', कणीस 'एअरे'. चौथ्या शतकातील बायबलच्या भाषांतरामुळे आपल्यापर्यंत पोहोचलेल्या गॉथिक या इंग्रजी-जर्मनच्या जुन्या नातलग भाषेत तर पहिला शब्द 'आउसो' आणि दुसरा 'आह्स' आहे. पहिल्याचे नाते कानाच्या 'आउरिस' या लॅटिन शब्दाशी आहे, तर दुसऱ्याचे तुसाच्या 'आकुस' या लॅटिन शब्दाशी आणि त्याच्याही मागे टोकदारपणा दाखवणाऱ्या एका प्राचीन धातूशी. इंग्रजीत शेवटचे स्वर झिजले आणि दोन परके शब्द एकाच वेषात उभे राहिले.

म्हणून पहिले काम हे, की कोणत्या अर्थाच्या शब्दाचा शोध घ्यायचा ते कागदावर लिहून घ्यावे. चांगल्या कोशात एकाच लेखनाच्या निरनिराळ्या शब्दांना वेगवेगळे क्रमांक दिलेले असतात. झाडाच्या सालीचा 'बार्क' नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातील जुन्या, भाषेतून आला, कुत्र्याच्या भुंकण्याचा 'बार्क' जुन्या इंग्रजीतला, आणि गलबताच्या अर्थाचा 'बार्क' लॅटिनकडून फ्रेंचमार्गे आलेला. क्रमांक न पाहता भलत्याच नोंदीत शिरले, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

कोशाची नोंद वाचण्याची रीत

या कामाचा मुख्य आधार म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीमध्ये १८५७ साली या कोशाची कल्पना पुढे आली, १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादन हाती घेतले, पहिला भाग १८८४ मध्ये छापला गेला आणि पहिली आवृत्ती पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले. शेकडो स्वयंसेवकांनी जुनी-नवी पुस्तके वाचून शब्दांच्या वापराची अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली आणि त्या चिठ्ठ्यांच्या बळावर प्रत्येक अर्थाखाली कालक्रमाने अवतरणे देता आली. १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची आहे, आणि २००० पासून ऑनलाइन आवृत्तीत नोंदी नव्याने तपासल्या जात आहेत. या कोशाचे मोल व्युत्पत्तीच्या ओळीपेक्षाही त्या अवतरणांत आहे, कारण व्युत्पत्ती हे कोणाचे तरी अनुमान असते आणि अवतरण हा पुरावा असतो.

या कोशासाठी वर्गणी भरावी लागते; बऱ्याच ग्रंथालयांच्या सभासदांना मात्र तो तेथून पाहता येतो. साधारण ११५० ते १५०० या काळातील शब्दांसाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आणि त्याआधीच्या काळासाठी बॉसवर्थ व टोलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश, हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी आणि विक्शनरी सुरुवातीला दिशा कळण्यापुरत्या उत्तम आहेत, पण निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांनी दिलेली प्रत्येक पायरी अवतरणे असलेल्या कोशात पडताळून पाहावी.

नोंद वाचताना तीन गोष्टींत सर्वाधिक घोटाळा होतो. पहिली म्हणजे 'पासून आला' आणि 'तुलना करा' यांतला फरक. 'फादर' या शब्दाच्या नोंदीत जर्मन 'फाटर', लॅटिन 'पाटेर' आणि संस्कृत 'पितृ' यांचा उल्लेख असतो. तेवढे पाहून 'फादर' हा शब्द 'पितृ'पासून झाला, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. कोश तसे म्हणत नाही. तो या शब्दांना सगोत्र ठरवतो, म्हणजे ती एकाच पूर्वजाची निरनिराळ्या घरांत वाढलेली लेकरे आहेत. दुसरी गोष्ट तारांकित रूपांची. ज्या रूपाच्या आधी फुलीसारखी तारका असते, ते कोणत्याही शिलालेखात किंवा हस्तलिखितात सापडलेले नसते. सगोत्र शब्दांची तुलना करून भाषाशास्त्रज्ञांनी त्याची पुनर्रचना केलेली असते. आपल्या टिपणात ती तारका गाळणे म्हणजे अनुमानाला पुरावा म्हणून खपवणे.

तिसरी गोष्ट पहिल्या नोंदीच्या सालाची. ते साल शब्दाच्या जन्माचे नसते, तर त्या सालापासून शब्दाचा पुरावा हाती आहे, एवढेच त्यावरून कळते. बाजारातले, कारागिरांचे, शिवीगाळीचे शब्द तोंडोतोंडी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात आणि कागदावर फार उशिरा उतरतात. छापील पुस्तकांचे मोठे साठे आता शोधता येत असल्यामुळे कोशापेक्षा जुनी नोंद सामान्य वाचकालाही मिळू शकते. तशी मिळाली, तर आनंद साजरा करण्यापूर्वी त्या पानाचे चित्र स्वतः उघडून पाहावे. नियतकालिकांचे सगळे अंक कित्येकदा पहिल्या अंकाच्या सालाखाली नोंदवलेले असतात, आणि साधारण १८०० पूर्वीच्या छपाईत 'एस' हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला व मध्ये 'एफ'सारखे दिसत असल्याने यंत्र भलताच शब्द वाचते.

शब्द घरचा की उसना

पुढचा टप्पा हा, की शब्द इंग्रजीला वारशाने मिळाला की दुसऱ्या भाषेकडून घेतला गेला, हे ठरवणे. पाचव्या शतकापासून ब्रिटनमध्ये वस्ती करणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांची जर्मानिक बोली, म्हणजे जर्मन, डच, नॉर्स यांच्या कुळातली बोली, हा इंग्रजीचा पाया. आठव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या व्हायकिंग स्वाऱ्यांबरोबर नॉर्स शब्द आले, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, आणि प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन व ग्रीक ग्रंथांतून शब्द जसेच्या तसे उचलले. प्रत्येक थराने आपली खूण मागे ठेवली आहे. जुन्या इंग्रजीत 'स्क'चा 'श' झाला होता, म्हणून 'शिप', 'फिश', 'शर्ट' हे घरचे शब्द. नॉर्समध्ये तो बदल झाला नव्हता, म्हणून 'स्काय', 'स्किन', 'स्कर्ट' बाहेरून आलेले. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' मुळात एकच शब्द असून दोन वाटांनी आल्यामुळे दोन कपड्यांची नावे होऊन बसले आहेत.

मराठी वाचकाला तत्सम आणि तद्भव ही जोडी शाळेपासून परिचित असते, आणि इंग्रजीचे थर समजून घ्यायला ती फार उपयोगी पडते. डोक्याच्या 'कापुत' या लॅटिन शब्दाचे कुळ पाहावे. 'कॅपिटल' हा शब्द लॅटिनच्या इतका जवळ आहे की त्याला तत्समच म्हणावे. 'चीफ' हा तद्भवासारखा: लॅटिन शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये 'चीफ' झाला होता, आणि तेराव्या शतकाच्या शेवटी-शेवटी तो तसाच इंग्रजीत आला. पुढे फ्रेंचमध्ये 'च'चा उच्चार 'श' झाला, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने तोच शब्द पुन्हा घेतला तेव्हा तो मुख्य आचाऱ्याच्या अर्थाने 'शेफ' म्हणून आला. म्हणजे लेखनातल्या 'सी-एच' या दोन अक्षरांचा उच्चार ऐकूनच शब्द कोणत्या काळी आला याचा अंदाज बांधता येतो: 'च' असेल तर एक तर घरचा किंवा जुनी फ्रेंच उसनवारी, 'श' असेल तर बहुधा अलीकडची फ्रेंच, आणि 'कोरस'प्रमाणे 'क' असेल तर बहुधा ग्रीक.

याच कुळात 'कॅटल' आणि 'चॅटल' हे भाऊ आहेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कापिताले' म्हणजे मालमत्ता. नॉर्मंडीच्या फ्रेंचमध्ये मूळचा 'क' टिकला, म्हणून तेथून 'कॅटल' आला. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये 'क'चा 'च' झाला, म्हणून तिकडून 'चॅटल' आला. 'चॅटल' आजही कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्ता दाखवतो, तर 'कॅटल'चा अर्थ आकुंचित होत गुराढोरांपुरता उरला. आपण ज्याला पशुधन म्हणतो, त्या कल्पनेतूनच हा प्रवास झाला आहे. हीच जोडी 'कॅच' आणि 'चेस' या शब्दांतही दिसते. एकदा हे ध्यानात आले, की इंग्रजीत 'क' आणि 'च' यांच्या जोड्या नजरेला आपोआप सापडू लागतात.

ध्वनिनियमांची चाळणी

ध्वनिबदल नियमाने होतात, ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही. कर्णाचा कान, पर्णाचे पान, कर्माचे काम, चर्माचे चाम. सप्ताचे सात, अष्टाचे आठ. जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर लांबतो, हे एकाच शब्दात घडत नाही, साऱ्या रांगेत घडते. जर्मानिक भाषांच्या पूर्वजात अशीच एक मोठी उलथापालथ झाली. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये तिची मांडणी केली, आणि ग्रिमचा नियम या नावाने ती ओळखली जाते. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा सगोत्र भाषांच्या मूळ भाषेतील 'प', 'त', 'क' यांच्या जागी इंग्रजीत ओठ-दातांचा 'फ', 'थ' आणि 'ह' येतात. 'द', 'ग' यांच्या जागी 'ट', 'क' येतात. आणि 'भ', 'ध' यांच्या जागी 'ब', 'ड' येतात.

या नियमाची परीक्षा संस्कृत शब्दांवर घेऊन पाहावी. 'पाद' आणि 'फुट' या एका जोडीतच 'प'चा 'फ' आणि 'द'चा 'ट' असे दोन्ही बदल दिसतात. 'त्रि' आणि 'थ्री', 'दश' आणि 'टेन', 'भ्रातृ' आणि 'ब्रदर', 'विधवा' आणि 'विडो' यांची ओळख पटायला वेळ लागत नाही. 'जानु' आणि गुडघ्याचा 'नी' यांच्यात काही संबंध असेल असे ऐकताना वाटत नाही. पण लॅटिनमध्ये गुडघा 'गेनू' आहे, 'ग'चा 'क' झाला, आणि तो 'क' इंग्रजी लेखनात अजून शाबूत आहे. साधारण सतराव्या शतकापर्यंत तो उच्चारलाही जात होता. 'नो', म्हणजे जाणणे, याच्या आरंभीचा मुका 'के'ही तसाच, आणि संस्कृत 'ज्ञा' व आपले 'जाणणे' त्याचे सगोत्र आहेत. कोठे कोठे संस्कृत रूपही बदललेले असते, तेथे लॅटिनची साक्ष घ्यावी: 'शत' आणि 'हंड्रेड' यांच्यामधला दुवा 'केन्टुम' या लॅटिन शब्दात टिकलेल्या 'क'मुळे जुळतो.

आता या चाळणीचा खरा उपयोग पाहू. इंग्रजी 'पाथ' म्हणजे वाट आणि संस्कृत 'पथ' म्हणजेही वाट. रूप एक, अर्थ एक. म्हणून हे सगोत्र शब्द असल्याचे उदाहरण मोठ्या उत्साहाने दिले जाते. पण नियमाप्रमाणे संस्कृत 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' यायला हवा. 'पाथ'मध्ये 'प' जसाच्या तसा आहे, म्हणजे हा शब्द वारशाने आलेला नसणार. तो फार प्राचीन काळी एखाद्या इराणी भाषेकडून जर्मानिक बोलींनी घेतला असावा, असा एक तर्क आहे. 'पथ'चा नियमात बसणारा इंग्रजी नातलग म्हणून 'फाइंड' या क्रियापदाकडे बोट दाखवले जाते, वाटेवर काही सापडणे या अर्थाने. दिसायला सारखा तो परका ठरतो आणि ज्याच्याकडे लक्षही गेले नसते, तो घरचा निघतो.

अशीच गोष्ट 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' यांची आहे. दोन्हींचा अर्थ जवळ असणे, दोन्हींची सुरुवात 'ह'ने. मात्र इंग्रजी 'ह'समोर लॅटिनमध्ये 'क' अपेक्षित असतो. त्यामुळे 'हॅव'चा खरा नातलग 'कापेरे', म्हणजे पकडणे, हा शब्द आहे, आणि 'हाबेरे'चे नाते सहसा इंग्रजी 'गिव्ह'शी, म्हणजे देण्याशी, जोडले जाते. 'डे' आणि लॅटिन 'दिएस' या दोन्हींचा अर्थ दिवस असला, तरी 'द'समोर 'ट' हवा असल्याने तेही असंबद्ध आहेत. 'देव' आणि लॅटिन 'देउस' यांचा नातलग हवा असेल, तर तो 'ट्यूजडे' या वारात लपलेल्या 'टीव' नावाच्या जर्मानिक देवतेत सापडतो. योगायोग किती टोकाचा असू शकतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधील म्बाबाराम भाषेत आहे. तेथे कुत्र्याला 'डॉग' म्हणत, आणि इंग्रजीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. तो त्या भागातील इतर भाषांच्या 'गुडागा' या शब्दाच्या झिजेतून घडला होता.

नियमाला अपवाद दिसला, तर नियम टाकून देण्याची घाई करू नये. 'भ्रातृ' आणि 'पितृ' या दोन्हींत 'त' आहे, तरी जुन्या इंग्रजीत पहिल्याच्या जागी 'थ' असलेला 'ब्रोथोर' आणि दुसऱ्याच्या जागी 'ड' असलेला 'फॅडर' आढळतो. हे कोडे डॅनिश विद्वान कार्ल वेर्नर यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सोडवले, आणि त्याची किल्ली वेदांच्या पठणात होती. वैदिक उच्चारात 'भ्रातृ'चा उदात्त, म्हणजे चढा, स्वर पहिल्या अक्षरावर आहे, 'पितृ'चा दुसऱ्यावर. आघात आधीच्या अक्षरावर नसला, की जर्मानिक भाषेत 'थ' घोष, म्हणजे कंठातील कंपनासह उच्चारला जाणारा, होऊन पुढे 'ड'कडे वळतो. जो आघात जर्मानिक भाषांतून कधीच पुसला गेला होता, त्याची साक्ष पाठशाळांनी जपलेल्या स्वरांनी दिली. या शास्त्रातील इतका सुंदर क्षण मला दुसरा माहीत नाही. आज 'फादर'मध्ये पुन्हा 'थ'च्या लेखनाचा उच्चार ऐकू येतो, तो मात्र नंतरच्या एका वेगळ्या बदलामुळे. 'मदर' आणि 'वेदर' यांतही तोच बदल झाला आहे.

येथे एक सावधगिरी हवी. संस्कृतशी सगोत्र शब्द इतके सहज जुळताना पाहून इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे म्हणण्याचा मोह होतो. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, असे सांगितले होते. संस्कृत ही त्या कुळातली फार वडीलधारी बहीण आहे. तिला आई ठरवले, की ध्वनिनियमांची सगळी रांग मोडते.

उसन्या शब्दाची वाट

इंग्रजी शब्द खरोखरच संस्कृतातून निघालेला असेल, तर त्याची वाटही दाखवता आली पाहिजे. 'शुगर' हे त्याचे उत्तम उदाहरण. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे आधी खडे, वाळूचे कण, आणि त्यावरून साखर. प्राकृतात तिचे रूप मऊ झाले, फारसीत 'शकर' झाले, अरबीत 'सुक्कर', मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सुक्कारुम', जुन्या फ्रेंचमध्ये 'सुक्र', आणि तेथून ते मध्ययुगीन इंग्रजीत आले. ही वाट कशावरून ठरते? अरबी उपपद 'अल्' हे पुढच्या 'स'शी मिळून 'अस्' होते. स्पेनमध्ये अरबी बोलणाऱ्यांचे राज्य होते, तेथील लोकांनी उपपदासकट शब्द उचलला, म्हणून स्पॅनिश 'आथूकार' आणि पोर्तुगीज 'असूकार' यांच्या आरंभी 'अ' आहे. इटालियन 'झुक्केरो' आणि फ्रेंच 'सुक्र' यांत तो नाही, इंग्रजीतही नाही. त्यावरून इंग्रजी शब्द स्पेनकडून आला नाही, एवढे निश्चित सांगता येते. 'शर्करा' आणखी एका वाटेने, ग्रीक 'साक्खारोन' व लॅटिन 'साक्कारुम' यांच्यामार्फत, युरोपात पोहोचली होती. १८७९ मध्ये सापडलेल्या, गोड लागणाऱ्या एका रसायनाच्या 'सॅकरिन' या नावात तोच पूर्वज इंग्रजीत दुसऱ्या रूपाने दिसतो.

मराठीतून गेलेला 'मंगूस'ही येथे पाहण्यासारखा आहे. मुंगूस या शब्दाने सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत प्रवेश केला, आणि अपरिचित शेवटाच्या जागी लोकांनी बदकासारख्या पक्ष्याचे 'गूस' हे परिचित नाव लेखनात बसवले. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आकार देण्याच्या या प्रवृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, पण 'मंगूस'चे तसे होत नाही. जोड वरवरचा आहे, हे त्यावरूनही उघड होते.

लेखन आणि अर्थ यांच्या हुलकावण्या

इंग्रजी लेखनावर फार विसंबू नये. 'आयलंड'मधील मुका 'एस' हा मूळचा नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ईएगलंड' असा होता, पुढे त्यातला 'ग' गळला, आणि लॅटिन 'इन्सुला'पासून फ्रेंचमार्गे आलेल्या 'आइल' या शब्दाशी त्याचे नाते आहे अशा समजुतीने सोळाव्या शतकात त्यात 'एस' घुसवला गेला. 'डेट', म्हणजे कर्ज, यातला 'बी'ही लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनी घातलेला. शब्दांच्या सीमाही सरकतात: 'अ नेप्रन'चे 'अन एप्रन' झाले, आणि उलट 'अन एक-नेम', म्हणजे जादा नाव, याचे 'अ निकनेम' झाले. त्यामुळे शब्दाच्या आरंभी 'न' येताना किंवा जाताना दिसला, तर मागे उपपद उभे होते का, ते पाहावे.

अर्थाच्या बाबतीत नियम नसतात, म्हणून तेथे अवतरणांवाचून गत्यंतर नाही. 'नाइस' हा शब्द लॅटिन 'नेस्किउस', म्हणजे अजाण, यापासून निघाला. १३०० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. मग तो चोखंदळ, नाजूक, काटेकोर असा सरकत गेला आणि अठराव्या शतकात छान, सुखद या अर्थावर आला. मूर्ख आणि छान ही दोन टोके नुसती शेजारी ठेवली, तर व्युत्पत्ती खोटी वाटते. मधली प्रत्येक छटा अवतरणांत पाहिली, की कोठेही उडी मारावी लागत नाही. 'डिअर' म्हणजे पूर्वी कोणताही पशू, 'मीट' म्हणजे कोणतेही अन्न, आणि 'स्टार्व' म्हणजे नुसते मरणे. जुना अर्थ सापडला म्हणून आजचा अर्थ चुकीचा ठरवू नये. शब्दाचा अर्थ त्याच्या बोलणाऱ्यांच्या वापरातून ठरतो, पणजोबांच्या वापरातून नव्हे.

माग संपतो तेथे

कधी कधी पायऱ्या मध्येच संपतात. 'डॉग' हा इंग्रजीतला अगदी रोजचा शब्द, पण जुन्या इंग्रजीत तो 'डॉगा' या रूपात फार क्वचित, अकराव्या शतकात सापडतो. त्याआधी कुत्र्याला सर्वत्र 'हुंड' म्हणत. हा 'हुंड' ग्रिमच्या नियमात व्यवस्थित बसतो, लॅटिन 'कानिस' आणि संस्कृत 'श्वन्' हे त्याचे सगोत्र आहेत, आणि तोच आता शिकारी कुत्र्यापुरता 'हाउंड' म्हणून उरला आहे. 'डॉग'ला मात्र इतर जर्मानिक भाषांत जुना नातलग नाही. युरोपातील काही भाषांत तो आढळतो, तो इंग्रजीकडूनच गेलेला. 'बॉय' आणि 'गर्ल' यांचीही उत्पत्ती अशीच वादग्रस्त आहे. अशा ठिकाणी कोश 'ओरिजिन अननोन' असे लिहितो, आणि ते तीन-चार पिढ्यांच्या शोधानंतर लिहिलेले असते. तेथे स्वतःची कल्पना भरून मोकळे होऊ नये.

टिपण कसे ठेवावे, याचा नमुना म्हणून याच शब्दाची नोंद देतो. डॉग: नाम, कुत्रा. जुनी इंग्रजी 'डॉगा', अकरावे शतक, विरळ. मध्ययुगीन इंग्रजी 'डॉगे', वापर वाढता. 'हुंड'चा अर्थ हळूहळू आकुंचित. पुढील काळातील फ्रेंच, डच इत्यादी भाषांतील रूपे इंग्रजीवरून. म्बाबाराम 'डॉग' असंबद्ध. पूर्वज: नोंद नाही.